मी पूल बांधणे का सोडले

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले व्याख्यान. वक्त्या भगिनींनी स्वतः तपासून दिलेल्या टिपणावरून.)



चिटणीसबाई मागच्या महिन्यात आमच्या घरी आल्या, तेव्हा वर्गणीसाठी आल्या असाव्यात अशा समजुतीने मी उठून पैसे काढू लागले. त्या म्हणाल्या, "पैसे असू देत, या खेपेस तुझे चार शब्द हवेत." मी नाही नाही म्हटले, पण ज्या मंडळाच्या सतरंजीवर मी लहानपणी आईच्या मांडीला डोके टेकून झोपले, भुलाबाईची गाणी जिथे पाठ केली, त्या मंडळाला नाही म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही. मी व्याख्यान देणारी बाई नव्हे. तेव्हा बोलण्यात काही उणे राहिले, तर ते घरच्या मुलीचे बोलणे समजून पदरात घ्यावे, एवढी विनंती.

विषयही चिटणीसबाईंनीच ठरवून दिला. त्या म्हणाल्या, "तू शिकलीस पुलांची इंजिनिअर, आणि हल्ली दिवसभर बसतेस संगणकासमोर. हे कसे झाले, ते एकदा सगळ्यांना सांगून टाक, म्हणजे दळणाच्या रांगेत तुझ्या आईला दर वेळी सांगावे लागणार नाही." आईची ही जबाबदारी आज मी माझ्या डोक्यावर घेते.

आमचे घर आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. आबा गवंडीकाम करीत. आई दिवाळीनंतर मिरचीच्या पथारीवर जाई. नंदुरबारच्या मिरचीचे नाव सगळीकडे आहे. पण ती मिरची वाळवताना आणि तिचे देठ खुडताना बोटांची काय गत होते, हे इथे बसलेल्या कित्येकींना माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे. आई संध्याकाळी घरी आली की आम्हां भावंडांना जवळ घेत नसे. आमच्या डोळ्यांना तिखट लागेल म्हणून ती हात पाठीमागे धरून बसे. मला ते रागावणे वाटायचे. ते प्रेम होते, हे कळायला मला फार वर्षे लागली.

आबांना कामावर डबा पोहोचवायला मी जात असे. तिथे खुर्चीवर बसून, टोपी घालून, नकाशा उलगडून पाहणारा एक इंजिनिअर असे. आबा त्याला साहेब म्हणत. मी सहावीत असताना एकदा आबांना विचारले, "बाई माणूस साहेब होते का हो?" आबा ओळंबा धरून भिंत पाहत होते. ते म्हणाले, "ओळंबा धरणारा कोण आहे, हे भिंत कधी विचारत नाही." एवढेच. पण त्या एका वाक्यावर मी बारावी झाले, आणि धुळ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य शाखेला गेले. आईच्या पाटल्या पहिल्या वर्षाच्या फीला गेल्या. २०१२ साली मी पदवीधर झाले, तेव्हा आबांनी तो ओळंबा मला दिला. त्यांच्याजवळ देण्यासारखे तेवढेच होते, आणि घेण्यासारखेही माझ्या मते तेवढेच होते.

स्त्रियांनी हे काम करणे ही काही माझ्यापासून सुरू झालेली गोष्ट नव्हे. शकुंतला भगत यांनी १९५३ साली मुंबईच्या व्ही. जे. टी. आय. या संस्थेतून स्थापत्याची पदवी घेतली, आणि पुढे आपल्या यजमानांच्या जोडीने, ठराविक मापाचे पोलादी भाग जोडून डोंगराळ मुलखात लवकर उभे करता येतील असे पूल रचले. त्यांतला पहिला हिमाचल प्रदेशात स्पितीला १९७२ साली उभा राहिला. केरळात पी. के. थ्रेसिया या बाई १९७१ साली सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या. ही नावे आम्हांला महाविद्यालयात कोणी सांगितली नाहीत. ती मला पुष्कळ उशिरा कळली. आधी कळली असती तर एकटेपणा थोडा कमी वाटला असता, म्हणून आज मुद्दाम सांगते.

पदवीनंतर मी एका ठेकेदाराकडे नोकरीस लागले. काम सातपुड्यात, धडगावच्या बाजूला. रस्ते, मोऱ्या, लहान पूल. आपल्या जिल्ह्याचा तो भाग ज्यांनी पाहिला असेल, त्यांना पूल म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. पावसाळ्यात नाला भरला की पाडा तुटतो. अडलेल्या बाळंतिणीला बांबूच्या झोळीत घालून माणसे रस्त्यापर्यंत चालत आणतात. नर्मदेच्या काठच्या गावांना तर नावेतून दवाखाना जातो. अशा ठिकाणी दहा मीटरांचा पूल हा एका बाईचा जीव असतो. ते काम मला मनापासून आवडत होते, हे मी आधीच सांगून ठेवते. कारण कंटाळून किंवा हरून सोडले असा पुष्कळांचा समज आहे.

हाल होते, नाही असे नाही. साइटवर बाईमाणसाला आडोसा नसे. म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचे नाही, ही सवय मी लावून घेतली होती, आणि वैशाखात त्याचे फळ भोगलेही. परंतु ते हाल माझ्याबरोबर घमेली वाहणाऱ्या बायाही भोगत होत्या, आणि त्यांना महिन्याचा पगार नव्हता. त्यामुळे त्या हालांचे भांडवल मी करणार नाही.

आता जी गोष्ट सांगणार आहे, ती मी इतक्या माणसांपुढे पूर्वी कधी सांगितलेली नाही.

२०१५ च्या एप्रिलमध्ये एका नाल्यावरच्या पुलाचा स्लॅब आम्ही टाकला. आपण म्हणतो, सिमेंट वाळले की घट्ट होते. हे खरे नव्हे. सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होते. ते लवकर वाळले तर उलट कच्चे राहते. म्हणून स्लॅब टाकल्यावर त्यावर गोणपाट घालून किंवा मातीचे आळे करून पाणी राखावे लागते. साध्या सिमेंटला निदान सात दिवस, आणि राख मिसळलेल्या, म्हणजे हल्ली बहुधा सगळीकडे मिळते त्या सिमेंटला, निदान दहा दिवस. हा नियम पुस्तकातला असला तरी माझ्या आबांना तो पुस्तकावाचून ठाऊक होता.

आमच्याकडे पाण्याचा एक टँकर येई. सातव्या दिवशी सकाळी टँकर आला, त्याच्या पाठोपाठ वरच्या पाड्यावरच्या बाया हंडे घेऊन आल्या. त्यांची विहीर आटली होती. त्या काही बोलल्या नाहीत. नुसत्या रांगेत उभ्या राहिल्या. मी ड्रायव्हरला म्हटले, "आधी त्यांचे भर." दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही दिवशी तेच. स्लॅबला सहा दिवस पाणी मिळाले, पुढे मिळाले नाही.

पाणी दिल्याची खंत मला तेव्हा नव्हती, आज नाही. खंत वेगळीच आहे. महिन्याअखेरीस नोंदवही माझ्यापुढे आली. सहा दिवस लिहिले असते तर बिल अडले असते, विचारणा झाली असती, कदाचित त्या पाड्याला टँकर हवा आहे ही गोष्ट वरपर्यंत गेली असती. मुकादम म्हणाला, "दहा लिहा मॅडम, सगळेच लिहितात." आणि मी दहा लिहिले. खाली सही केली. पेन माझे, हात माझा. त्यात दुसऱ्या कोणाचा दोष मी काढणार नाही.

त्या रात्रीपासून माझी झोप बिघडली. पाऊस लागला की मला तो स्लॅब दिसे. नोकरी सोडायला त्यानंतरही दोन वर्षे लागली. पण मनातून ती मी त्या सहीबरोबर सोडली होती, असे मला वाटते.

संगणकाशी माझी गाठ साइटवरच पडली. एखाद्या स्लॅबमध्ये सळई किती लागेल, ती कुठे वाकवायची, किती लांब कापायची, वजन किती होईल, याचा एक लांबलचक तक्ता करावा लागतो. वजनाचा हिशेब सोपा आहे. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यावा, त्याला त्यानेच गुणावे, आणि १६२ ने भागावे. म्हणजे एक मीटर सळईचे वजन किलोमध्ये मिळते. बारा मिलिमीटरची सळई घेतली तर १४४ भागिले १६२, म्हणजे मीटरला सुमारे ०.८९ किलो. सोपे आहे; पण अशा तीनशे ओळी हाताने करायच्या, आणि नकाशात एक माप बदलले की तीनशेच्या तीनशे पुन्हा! मी कार्यालयातल्या संगणकावर तो तक्ता असा मांडला, की एक माप बदलले की बाकीचे सगळे आपोआप बदलावे. पहिल्यांदा ते घडले तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, आणि मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

पुढे वाचनात आले, की माझ्याआधी ऐंशी वर्षे एका स्थापत्य अभियंत्याला नेमका हाच कंटाळा आला होता. त्याचे नाव कोनराड त्सुझे. बर्लिनमध्ये स्थापत्याचे शिक्षण घेऊन तो १९३५ साली विमानांच्या कारखान्यात लागला. तेथे तीच ती आकडेमोड पुन्हापुन्हा करावी लागे. त्याने नोकरी सोडली आणि आईबापांच्या घरी, बैठकीच्या खोलीत, गणित करणारे यंत्र बांधायला घेतले. पैसे आईबापांनी, बहिणीने आणि मित्रांनी दिले. १९३८ साली पहिले यंत्र झाले. ते नीटसे चालले नाही. १९४१ साली झालेले तिसरे मात्र चालले, आणि दिलेल्या सूचनांप्रमाणे आपोआप चालणारा जगातला पहिला संगणक म्हणून त्याचे नाव घेतात. म्हणजे पुलांकडून संगणकाकडे जाणारी वाट मी शोधलेली नाही. संगणक जन्मला त्याच वाटेवर! आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली देशात रचलेला 'टिफ्रॅक' संगणक चालू झाला, तेव्हा त्सुझेचे ते तिसरे यंत्र होऊन वीस वर्षेही झाली नव्हती.

आता तुम्ही विचाराल, हे प्रोग्राम लिहिणे म्हणजे असते तरी काय? आपल्यापैकी ज्या विणतात, त्यांना हे मी अर्ध्या मिनिटात सांगू शकते. स्वेटरचा नमुना पुस्तकात कसा दिलेला असतो? दोन सुलट, दोन उलट. सुई संपेपर्यंत हेच. अशा वीस ओळी झाल्या की दोन्ही कडांना एकेक टाका कमी करा. गळ्यापर्यंत आलात तर थांबा. हाच प्रोग्राम. "संपेपर्यंत हेच" आणि "झाले तर असे करा" ही दोन वाक्ये ज्या बाईला कळली, तिला या विद्येचा पाया कळला. फरक एवढाच, की तुम्ही नमुन्यात चूक पाहिली तर हसून दुरुस्त कराल. यंत्र मात्र चुकीचा नमुना मान खाली घालून शेवटपर्यंत विणील. ही उपमा नुसती कल्पनेतली नाही. कापडावर नक्षी विणण्यासाठी भोके पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे लावणारा माग फ्रान्समध्ये जाकार याने १८०४ च्या सुमारास केला, आणि कार्डांवर सूचना लिहिण्याची ती युक्ती पुढे संगणकाने उचलली. अमेरिकेत १९४६ साली 'एनिॲक' नावाचा प्रचंड संगणक लोकांना दाखवला गेला. त्याचे प्रोग्राम बसवणाऱ्या सहाही जणी स्त्रिया होत्या.

२०१६ नंतर मोबाईलवरचे इंटरनेट स्वस्त झाले, आणि मी साइटवरच्या खोलीत रात्री शिकू लागले. आय. आय. टी.च्या प्राध्यापकांची व्याख्याने फुकट ऐकता येतात. मुंबईच्या आय. आय. टी.ने 'स्पोकन ट्युटोरियल' या नावाने लहान लहान पाठ केले आहेत, त्यांतले कित्येक मराठीतूनही आहेत. माझे इंग्रजी बेताचे. त्या मराठी पाठांनी मला हात दिला.

२०१७ साली मी घरी सांगितले, की नोकरी सोडून पुण्याला शिकायला जाते. आबा जेवत होते. त्यांचा हात थांबला नाही, पण घास मोठा झाला नाही, लहान झाला. जेवून ते उठले आणि बाहेर जाऊन बसले. मला त्यांनी रागावून बोलावे असे वाटत होते. ते बोललेच नाहीत. रात्री आई जवळ आली. घरात आम्ही अहिराणी बोलतो. ती म्हणाली, "तुन्हा मनमा काय शे ते सांग." मी सांगितले. सहीची गोष्ट मात्र सांगितली नाही.

आईजवळ आता पाटल्या नव्हत्या. यानंतर जे घडले ते तुम्हांपैकी निम्म्याजणींना माहीत आहे, आणि निम्म्याजणींना ते आपण केले होते हेही आठवत नसेल. मंडळाची भिशी त्या महिन्यात दुसऱ्या एका काकूंची होती. त्यांना घराचे पत्रे बदलायचे होते. त्यांनी आपला नंबर आईला दिला. त्या पावसाळ्यात त्यांचे घर गळत राहिले, आणि माझा लॅपटॉप आला. त्या काकू आज इथे बसल्या आहेत. त्यांनी नाव घेऊ नको म्हणून मला दटावले आहे, म्हणून घेत नाही.

पुण्याला मी एका क्लासमध्ये नाव घातले. सहा महिने शिकवणे बरे होते. शेवटी नोकरीची वेळ आली तेव्हा अडचण उभी राहिली. मोठ्या कंपन्या कोणत्याही शाखेचा अभियंता घेतात व स्वतः शिकवतात, हे खरे. पण बहुधा नुकता पास झालेला घेतात. माझी पाच वर्षे झाली होती. ती पाच वर्षे त्यांच्या लेखी कोरी. आणि अनुभवी म्हणून घ्यावे, तर त्या कामाचा अनुभव नाही. तेव्हा क्लासच्या चालकांनी मला आत बोलावले, आणि एक कागद पुढे ठेवला. एका कंपनीत मी तीन वर्षे प्रोग्राम लिहिण्याचे काम केले, असा तो दाखला. थोडे पैसे भरायचे, की सही-शिक्का तयार. ते म्हणाले, "घाबरू नका मॅडम, सगळेच करतात."

बायांनो, शब्द तेच होते. सगळेच लिहितात, सगळेच करतात.

मी फार मोठी सत्यवादी आहे म्हणून तो कागद नाकारला, असे कृपा करून समजू नका. भिशीचे पैसे संपत आले होते, आणि माझा हात कागदाकडे गेलाही होता. पण एकदा खोटी सही करून तीन वर्षे झोप घालवली होती. दुसऱ्या खेपेस ती परवडणारी नव्हती. मी उठून आले. त्यानंतर अकरा महिने नोकरी मिळाली नाही. खोलीभाड्यासाठी मी शाळेच्या मुलांच्या शिकवण्या केल्या. घरी फोनवर "चालले आहे" असे सांगत होते. तेही खोटेच, पण ते आईला कळत होते.

नोकरी शेवटी लागली ती एका लहान कंपनीत, बांधकामाच्या हिशेबाचे सॉफ्टवेअर करणाऱ्या. त्यांच्या प्रोग्रामात सळईची लांबी चुकत होती. मुलाखतीत तो तक्ता माझ्यापुढे ठेवला, तेव्हा मी सांगितले, की सळई वाकवली की तिची लांबी थोडी वाढते, ती तुम्ही वजा केलेली नाही. तिथे बसलेल्या हुशार मुलांपैकी कोणी कधी सळई वाकवताना पाहिली नव्हती. मी पाहिली होती. आबांनी वाकवली होती. मला पगार साइटवरच्यापेक्षा तीन हजारांनी कमी मिळाला, माझ्या बाजूला बसणारी मुले माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान होती, आणि माझे काम होते दुसऱ्यांच्या प्रोग्रामातल्या चुका शोधण्याचे. पण लिहायचे ते खरे लिहायचे, याचाच तिथे पगार होता. दोन वर्षांनी मी स्वतः प्रोग्राम लिहू लागले. २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत सगळे घरून काम करू लागले, तेव्हा मी नंदुरबारला आले, ती इथेच राहिले.

या कामाचा आपल्या जिल्ह्याशी संबंध नाही असे कोणी समजू नये. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या शहादे तालुक्यातल्या टेंभली गावी एका भगिनीला देण्यात आला. त्या क्रमांकामागे सगळे सॉफ्टवेअरच आहे. आज रेशनच्या दुकानात यंत्रावर बोट ठेवावे लागते. माझ्या आईचे बोट यंत्राने तीनदा नाकारले. मिरचीने आणि राखेने तिच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत. ज्याने आयुष्यभर हाताने काम केले, त्याचेच बोट यंत्राला ओळखू येत नाही! कष्टाचा हात ज्याने जवळून पाहिला नाही, त्याला प्रोग्राम लिहिताना ही अडचण सुचणार कशी? म्हणून मला वाटते, पथारीवरच्या, शेतातल्या, पाड्यावरच्या घरांतील मुलींनी या कामात गेले पाहिजे. पगारासाठी जावे, त्यात लाज नाही. पण बोट नाकारले गेले तर दुसरी सोय काय, हा प्रश्न विचारणारे कोणीतरी तिथे बसलेले असावे, म्हणूनही जावे.

ज्या आयांच्या मुली आज असाच विचार करीत असतील, त्यांना दोन-तीन गोष्टी सांगते. पहिली, जुने शिक्षण वाया जाते हे खरे नाही. मला दार उघडले ते सळईनेच. दुसरी, नोकरी एकदम सोडू नये. संध्याकाळी दोन तास याप्रमाणे निदान सहा महिने शिकून पाहावे, एखादे लहानसे उपयोगी काम करून पाहावे. गोडी टिकली तरच पुढे जावे. तिसरी, क्लासला पैसे भरण्याआधी तिथून पूर्वी शिकून गेलेल्या दोघीतिघींना भेटावे, आणि खोट्या दाखल्याची गोष्ट निघाली तर तिथून निघावे. खोटा दाखला आज ना उद्या तपासणीत सापडतोच, आणि नाही सापडला तरी आपल्याला सापडलेलाच असतो. चौथी गोष्ट कटू आहे. २०२२ च्या अखेरीपासून अशी यंत्रे लोकांच्या हाती आली, जी स्वतःच प्रोग्राम लिहून देतात. त्यानंतर मोठमोठ्या कंपन्यांनी माणसे कमीही केली. तेव्हा संगणक म्हणजे हमखास भाकरी, हे आता कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. यंत्राने लिहिलेले बरोबर की चूक, हे ज्याला कळते त्याचे काम राहील, असा माझा अंदाज. आणि पूल बांधायला तर माणूस लागणारच आहे. जिला साइट आवडते तिने खुशाल साइटवर राहावे, आणि आडोसा व पाणी हक्काने मागावे. मी मागितले नाही, ही माझी चूक.

आता राहिली ती सही.

गेल्या मे महिन्यात मी ती गोष्ट आबांना सांगितली. ते पुष्कळ वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "उद्या पहिली एस. टी. किती वाजता आहे?" आम्ही दोघे गेलो. नाला कोरडा होता. आबा खाली उतरले, स्लॅबच्या पोटाखाली गेले, हातोडीने ठिकठिकाणी ठोकून कान लावून ऐकले. मग वर येऊन उकिडवे बसले आणि बोट फिरवले. वर केसासारख्या बारीक भेगा होत्या, लवकर वाळल्याच्या. ते म्हणाले, "पोट चांगले आहे. वरून एक थर नीट करून घ्यावा लागेल. पूल निभेल." मला हायसे वाटले. तेवढ्यात ते म्हणाले, "पण तू खोटे लिहिलेस." मी म्हटले, "हो आबा." परत येताना त्यांनी खिडकीकडची जागा मला दिली. दुसरे काही बोलणे झाले नाही.

घरी आल्यावर मी संबंधित अभियंत्यांना पत्र लिहिले. किती दिवस पाणी दिले ते खरे लिहिले, भेगांची छायाचित्रे जोडली, आणि माझे नाव घातले. उत्तर अजून आलेले नाही. यंदा पावसाळ्याआधी पुन्हा जाऊन पाहीन.

आबांना माझे नवे काम कळत नाही असे मला वाटे. त्या पत्राच्या रात्री त्यांनी स्वतःच विचारले, "तू करतेस काय, ते दाखव." मी प्रोग्राम उघडला, बारा मिलिमीटरची, बारा मीटरची एक सळई घातली. पडद्यावर आले, १०.६७ किलो. आबांनी डोळे मिटून क्षणभर हात तोलल्यासारखा केला आणि म्हणाले, "पावणेअकराला थोडी कमी. बरोबर आहे." मला आजवर मिळालेल्या सगळ्या प्रमाणपत्रांत मोठे प्रमाणपत्र ते.

मंडळाला माझी एक विनंती आहे. शिवणवर्गाची खोली रविवारी सकाळी रिकामी असते. ती मला द्यावी. मुलींना तक्ता मांडायला, हिशेब करायला, आणि जमेल त्यांना प्रोग्राम लिहायला मी शिकवीन. फी नाही. आणि पुढच्या भिशीत माझा जो नंबर येईल, तो ज्या घराचे पत्रे गळत असतील त्या घराला द्यावा, असे मी अध्यक्षबाईंना लिहून दिले आहे.